मध्यंतरानंतरची खुर्ची

फक्त मोठ्यांसाठी असलेले विनोदी सिनेमे मी थिएटरात जाऊन पाहतो, आणि एकटा पाहतो. देवळीला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकान बंद असतं त्या दिवशी नालवाडीच्या घरून वर्ध्यात बँकेचं काम आहे असं सांगून निघायचं आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसायचं. बायको ‘बरं’ म्हणते. बँकेचं कोणतं काम, हे तिने कधी विचारलं नाही; मी सिनेमाला जातो हे तिला ठाऊकच असतं. पन्नाशी उलटलेला, फुलशर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद केलेला माणूस असल्या सिनेमाला एकटा आलेला पाहून पोरं एकमेकांना कोपर मारतात. मारू द्या. त्यांना वाटतं त्यासाठी मी जात नाही. कशासाठी जातो, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. बोलण्याची सवय नसल्यामुळे थोडं आडवळणाने येईल.

इतके पाहिल्यावर माझी काही मतं झाली आहेत. ती आधी सांगतो, ती सोपी आहेत.

एक जात म्हणजे दोस्तांची. बायकांना खोटं सांगून चार मित्र परदेशात जातात, समुद्रावर जातात, हॉटेलात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळतात. सगळा विनोद एवढाच, की बायकांना माहीत नाही. दुसरी जात अलीकडची, शहाणी. यात नायकाला काहीतरी लाजेचा आजार असतो, किंवा तो लाजेची वस्तू विकतो, किंवा घरात भलत्या वयात पाळणा हलणार असतो. सुरुवात छान होते. मोहल्ला, शेजारी, औषधाच्या दुकानातली कुजबुज, हे सगळं आपल्या ओळखीचं. मग उत्तरार्धात कोणालातरी भाषण करायची हुक्की येते. शाळेत, कोर्टात, लग्नाच्या मांडवात नायक उभा राहतो आणि आपण हसलो याबद्दल आपल्याला खडसावतो. इतका वेळ चावट असलेला माणूस एकदम हेडमास्तर होतो. मला ते फसवल्यासारखं वाटतं. हसवलं याची इतकी माफी मागायची होती, तर हसवलं कशाला?

मराठीत तर त्याहून वेगळीच गंमत. चावट वाक्य इतकं सावकाश बोलतात, जणू समोर कमी ऐकू येणारा माणूस बसला आहे. बोलून झालं की नट थांबतो, भुवई वर करतो, मागे पिपाणी वाजते. शेतात पेरलेलं उकरून पाहायची घाई असते ना एखाद्याला, तसं. आणि भुताचे सिनेमे आता चावट झालेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

एक मात्र मला आवडला होता. त्यातलं वय झालेलं जोडपं पलंगावर बसून काहीतरी क्षुल्लक बोलतं आणि बाई हसायला लागते. तो आधी चिडतो. मग तोही हसतो. बस. दिवा मालवला जातो. तो सिनेमा लवकरच उतरला. मी तो पाहून बाहेर आलो तेव्हा पार्किंगवाल्याने विचारलं, “काका, तब्येत बरी हाय न?”

माझं मुख्य म्हणणं असं, की या सिनेमांमधल्या बायका हसत नाहीत. त्या संशय घेतात, रडतात, दार उघडून किंचाळतात. त्या आल्या की पुरुषांचं हसणं बंद होतं. एकीलाही कोणी विनोद दिलेला नाही. हे माझ्या लक्षात आलं, कारण माझी बायको.

आमच्याकडे लग्नात पंगत बसली की बायका विहिणीला चिडवणारी गाणी म्हणतात. आता लॉनमध्ये उभ्याने जेवतात तिथे ते मिटलं, पण ज्या घरांत अजून खाली बसून पंगती होतात तिथे आहे. ही गाणी पाठ केलेली नसतात. म्हणजे चाल जुनी, पण शब्द त्या दिवशी, त्या माणसांना पाहून जुळवायचे. विहिणीचं चालणं, व्याह्याचं पोट, त्या दोघांचा संसार, त्यांचा पलंग, काही म्हणता काही सोडायचं नाही. पुरुष तेव्हा वाढत असतात, किंवा पानावर बसलेले असतात, आणि रिवाज असा, की पुरुषांना यातलं काहीही ऐकू येत नाही. सगळं कानावर पडतं, आणि तरी मान खाली घालून ‘भाऊ, वरण इकडं’ एवढंच बोलायचं. चेहरा कोरा. नंतर त्याचा उल्लेख नाही. घरीसुद्धा नाही.

माझी बायको त्या गाण्यांत सगळ्यांत पुढे असे. लग्न होऊन आली त्याच वर्षी एका पंगतीत मी हातात बुंदीचं भांडं घेऊन उभा होतो आणि मागून तिचा आवाज आला. घरात माझ्या आईसमोर मान वर न करणारी ती, तिने व्याह्याच्या धोतराबद्दल असं काही जुळवलं, की बायकांच्या घोळक्यात पाणी पिणाऱ्या एकीला ठसका लागला. मी बुंदी वाढत पुढे गेलो. चेहरा कोरा ठेवला. पण आतून इतका खूश होतो, की एकाला दोनदा वाढली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. तिच्या माहेरून, माझ्या बहिणींकडून, शेजारच्या गावांतून लग्नाच्या आधी निरोप येत, “तिले पंगतीपर्यंत थांबाचं सांगजो.”

लॉकडाऊननंतर थिएटरं उघडली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. एक दिवस ती म्हणाली, “अवो, तुम्ही एकटेच काऊन जाता सिनेमाले? मले घेऊन चाला न.”

“तो तसला हाय.”

“तसला म्हंजे कसला?”

“मोठ्यायचा.”

“मंग मी काय लहान हावो?”

मी तिला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. तिने हिरवी साडी नेसली, डब्यात चिवडा घेतला, दारावरच्या माणसाने तो आत नेऊ दिला नाही तेव्हा त्याच्याशी भांडली. आम्ही मधल्या रांगेत बसलो. सिनेमा त्या शहाण्या जातीचा होता. नायकाला मूल होत नाही, दोष त्याचा, पण तो बायकोला, वैदूला, औषधाला, सगळ्यांना बोल लावत फिरतो. ती सुरुवातीला पदर तोंडावर धरून हसत होती. मग पदर सुटला. तिचं हसणं मोठं आहे. आधी श्वास ओढल्यासारखा आवाज, मग एकदम मोकळं, आणि शेवटी ती हाताने मांडीवर थाप मारते. आजूबाजूचे लोक सिनेमापेक्षा तिच्या हसण्याला हसायला लागले.

नायक डॉक्टरसमोर बसून औषधाला शिव्या देतो, असा प्रसंग होता. थिएटरात क्षणभर शांतता होती. त्या शांततेत ती पडद्याकडे हात करून मोठ्याने म्हणाली, “अरे, बियाण्याची तक्रार काऊन करून राह्यला, पेरनाराच कच्चा हाय न!”

अख्खं थिएटर उसळलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. “काकू, अजून एक!” कोणीतरी ओरडलं.

ते वाक्य माझं होतं. दर खरिपाला सोयाबीन उगवलं नाही म्हणून लोक दुकानात भांडायला येतात, आणि रात्री जेवताना मी तिला सांगतो की बियाणं चांगलं होतं, पेरणीच चुकली. वर्षानुवर्षं माझं रडगाणं ऐकून तिने त्याचा हा विनोद केला होता. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. अंधारातही तिचे डोळे दिसत होते. मी ऐकलं का, हे ती पाहत होती.

पंगतीत मला बहिरं होता येत होतं, कारण तिथे सगळेच पुरुष बहिरे असायचे. इथे सगळ्यांनी ऐकलं होतं. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

मध्यंतरात मी समोसे आणायला बाहेर गेलो. काउंटरवर देवळीचा एक मोठा शेतकरी उभा होता, माझं जुनं गिऱ्हाईक. तंबाखू मळत, डोळे पुसत हसत होता. सोबत त्याचे दोन साथीदार.

“भाऊ! तुम्ही पण?” तो म्हणाला. “आयकलं काय त्या बाईले? बाप्पा बाप्पा! पेरनाराच कच्चा! म्या म्हनलं हे तं आपल्या दुकानातलं बोलनं होय! कोनाची बायको होय काय मालूम. तुम्ही कोनासंग आले?”

“एकटाच,” मी म्हणालो.

विचार करायला वेळ लागला नाही. तोंडातून निघालंच.

“मंग या न आमच्यापाशी, जागा हाय.”

आता नाही म्हणता येत नव्हतं. हातात समोसे घेऊन मी त्यांच्याबरोबर आत गेलो आणि मागच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसलो. दिवे मालवले होते. चारपाच रांगा पुढे तिचं डोकं दिसत होतं, शेजारची माझी खुर्ची रिकामी. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. मग पुन्हा वळली नाही. उत्तरार्धात ती हसली नाही. मी कान देऊन होतो. नायकाने ठरल्याप्रमाणे भाषण केलं.

बाहेर पडल्यावर ते तिघे पार्किंगमध्ये बराच वेळ बोलत उभे राहिले. मी मान हलवत होतो आणि ती कुठे दिसते का ते पाहत होतो. त्यांची गाडी निघाल्यावर मी मोटारसायकल काढली. ती रस्त्याने बरीच पुढे, एका मेडिकलच्या पायरीशी उभी होती, रस्त्याकडे पाठ करून. मी गाडी थांबवली.

“गेले काय ते?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो. ती मागे बसली. घरी येऊन तिने पिठलं टाकलं. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

मला वाटलं, मिटलं. बोललं गेलं नाही तर गोष्ट आपोआप विरते, अशी माझी समजूत होती. मी आयुष्यभर तसाच वागत आलो. पुढच्या वर्षी आमच्या मुलीचं लग्न झालं. हट्टाने आम्ही पंगती बसवल्या. आजूबाजूच्या गावांतून बायका आल्या होत्या, आणि पंगत बसली तशी सगळ्यांची तोंडं माझ्या बायकोकडे वळली. विहीणबाई स्वतः म्हणाल्या, “अवो माय, तुमची लय तारीफ आयकली. होऊन जाऊ द्या एखादं. मी तं तेच्यासाठीच आलती!”

ती हसून म्हणाली, “मले नाई आठवत आता काई.”

बायकांनी ओढलं, हात धरले. ती नुसती मान हलवत राहिली. दुसऱ्या कोणीतरी दोन कडवी म्हटली, ती लंगडीच निघाली, मग तेही थांबलं. मी वरण वाढत होतो. आता जे लिहितो ते फार जड जातं आहे, पण लिहितो. त्या क्षणी मला हायसं वाटलं. पंगतीत तो देवळीचा शेतकरी बसलेला होता. त्याने थिएटरात तिचा चेहरा पाहिलेला नव्हता, फक्त आवाज ऐकला होता. आपल्याच मुलीच्या लग्नात आपली बायको मुकी बसली आहे, आणि मला हायसं वाटलं.

मुलगी सासरी गेल्यावर घर रिकामं झालं तेव्हा कळलं, की तिचं हसणं संपलेलं नाही. शेजारीण येते, दोघी स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसतात, आणि ते हसणं गेटपर्यंत ऐकू येतं. आधी श्वास, मग मोकळं, मग थाप. मी गाडी लावतो, चप्पल काढतो, आत येतो. ते थांबतं. शेजारीण म्हणते, “चाला बाई, मी येतो.” बायको म्हणते, “चहा ठेवू काय?” रागाने नाही. अगदी प्रेमाने विचारते. फोनवर बहिणीशी बोलतानाही तसंच. मी खोलीत आलो की तिचा आवाज साधा होतो. सिनेमांत बायकोने दार उघडलं की सगळे गप्प होतात ना, तसं माझ्या घरात मी दार उघडतो.

म्हणून मी ते सिनेमे पाहत सुटलो. तिला घेऊन जाता येईल असा एखादा सापडेल, ही वेडी आशा. एखादा बरा वाटला तर जेवताना त्यातला प्रसंग सांगायचो. मला सांगता येत नाही, मी शेवट आधी सांगून टाकतो. ती शांतपणे ऐकून म्हणायची, “हो काय? बरं हाय.” आणि पोळी वाढायची.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका सकाळी ती ओसरीत अंबाडीची भाजी निवडत होती. मी समोर पेपर घेऊन बसलो होतो. पेपर खाली ठेवला.

“तुले एक सांगाचं होतं,” मी म्हणालो.

“सांगा न.”

“त्या दिवशी थेटरात तो देवळीचा भेटलता. त्यानं इचारलं, कोनासंग आले. मी म्हनलं, एकटाच.”

तिचे हात थांबले नाहीत. “मालूम हाय मले.”

“कसं काय?”

“अवो, तुम्ही समोसे आनाले गेले ते वापसच आले नाई. मंग मी काय समजाचं? खुर्ची सापडली नाई तुम्हाले?”

मी पेपरची घडी घातली. मग विचारलं, “पोरीच्या लग्नात म्हनून नाई गायली काय तू?”

“पंगतीत बसला होता न तो. आवाज ओळखला असता त्यानं. पोरीच्या लग्नात तुमची फजिती कराची होती काय मी?”

म्हणजे तेव्हाही तिने माझंच खोटं सांभाळलं होतं. मी म्हणालो, “चुकलं माझं.”

“मान्साले लाज वाटते कधी,” ती म्हणाली. “ते जाऊ द्या. पण तुम्ही हासले.”

“कधी?”

“सिनेमा पुन्हा चालू झाल्यावर. मी मांगं पाह्यलं, मंग तो काईतरी बोलला आन् तुम्ही हासले. तुमचं हासनं मले कळते. घरात तं तुम्ही तसे कधी हासले नाई. काय बोलला होता तो?”

वाचणाऱ्यांपासून मी हे आतापर्यंत लपवलं, आणि तिच्यापासूनही लपवणार होतो. वर लिहिताना मी नुसतं ‘शेजारी बसलो’ असं लिहून पुढे गेलो.

“जाऊ दे न आता.”

“नाई, सांगा. इतके दिवस मी इचार करून राह्यली, असं काय बोलला असन तो, का तुमच्यासारखा मानूस हासला.”

मी अंबाडीच्या देठांकडे पाहत सांगितलं. “तो म्हने, ‘हिचा नवरा बिचारा घरी तोंड लपवून बसला असन.’”

तिने एक देठ मोडला, पानं टोपल्यात टाकली. विचार करत होती. मग म्हणाली, “बराबरच बोलला. फक्त घरी नाई, त्याच्या बाजूले बसला होता.”

मला हसू आलं. मी काय करू, ते वाक्यच तसं होतं. तिने ते ज्या सुरात टाकलं, ते कोणत्याही नटाला जमलं नसतं. मी मोठ्याने हसलो, आणि हसत तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, उघडलं दार.

ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

“पाहा,” ती म्हणाली, “हासता येते तुम्हाले.” आणि टोपलं उचलून आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या भावाच्या मुलाचं लग्न सेलूला होतं. ती नवरदेवाची आत्या. आदल्या दिवशी ती बॅग भरत असताना मी दारात उभा राहून म्हणालो, “पंगतीच्या वेळी मी बाहेर निघून जाईन. लांब. तू गानं म्हनजो.”

तिने साडीची घडी घातली, परत मोडली, परत घातली. मला वाटलं ती म्हणेल, काऊन, थांबा न तुम्ही. मी त्याचीच वाट पाहत होतो.

“बरं,” ती म्हणाली. “जाजो.”

दुसऱ्या दिवशी पानं मांडायला लागले तसा मी मांडवाबाहेर पडलो आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तिथून स्पीकरचा आवाज येत होता, मग स्पीकर बंद झाला. त्यानंतर काहीच ऐकू येत नव्हतं. ट्रक जात होते. एकदोनदा मांडवाच्या बाजूने मोठा गलका झाल्यासारखा वाटला, पण तो मुलांचाही असेल.

थोड्या वेळाने तिचा चुलतभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत टपरीवर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, हसून हसून. मला पाहून थबकला.

“जवाईबापू, तुम्ही इथं काऊन? अंदर चाला न! बाईनं तं व्याह्याले पानावरून उठाले लावलं आज. विहीणबाई लोळून राह्यल्या अक्षरशः. आमी वाढून राह्यलो, आमाले कुठं काई आयकू येते म्हना... पन आज नाई राहवलं बाप्पा कोनालेच. आयका, तिनं काय जुळवलं—”

“नको,” मी त्याचा हात धरला. “सांगू नका.”

“अवो, आयका तं! एकच कडवं—”

“नको भाऊ. तिनं मले जा म्हनलं हाय.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने खर्रा तोंडात टाकला आणि मांडवाकडे निघून गेला. मी टपरीवाल्याकडे आणखी एक चहा मागितला. पंगत उठायला अजून वेळ होता.